मजकूर खरा नाही

आमच्या तालुक्याच्या कोर्टात अण्णा वकिलांना "काय अण्णा, बरं आहे ना?" असं सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच, तर ते थांबतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "बरं आहे, असं मी कधी म्हटलं?" नव्या माणसाला वाटतं, अण्णांची तब्येत बिघडली. तब्येत ठणठणीत असते. फक्त ती तशी आहे हे विचारणाऱ्यानं शाबीत करायचं असतं.

असे अण्णा प्रत्येक तालुक्याला एक तरी असतात. मुळात काळा असलेला पण उन्हानं चहाच्या रंगावर गेलेला कोट, पुकारा झाला की खिशातून निघणारे पांढरे बँड, आणि बगलेत तांबड्या फितीत बांधलेली वाटपाची, वहिवाटीची, बांधाची प्रकरणं. हे दिवाणी वकील. फौजदारीवाल्यांना ते थोडे कमी समजतात. त्यांचं म्हणणं असं, की फौजदारीत कर्तबगारी कसली? घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही; तो तोंड मिटून उभा राहिला तरी चालतं, सगळं शाबीत करायचं ते सरकारनं. दिवाणीत तोंड मिटलं की संपलं.

हे 'संपलं' कशामुळे, ते कळल्याशिवाय अण्णा कळत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्यातला ऑर्डर आठ, रूल पाच असं सांगतो, की वादीनं दाव्यात जे जे लिहिलं असेल, त्यातलं जे प्रतिवादीनं स्पष्ट नाकारलं नाही, ते त्यानं कबूल केलं असं धरावं. म्हणजे वादीनं लिहिलं, 'प्रतिवादीनं माझा बांध कोरला', आणि तुमच्या कैफियतीत त्यावर अवाक्षर नसलं, तर बांध तुम्हीच कोरला. अपवाद अज्ञान आणि वेडसर माणसांचा. "मग यांनी एवढी काळजी का करावी?" असं काकू, म्हणजे अण्णांची बायको, विचारतात. पण अण्णांनी हा नियम कोट अंगावर चढवला त्या दिवशी मनात घेतला, आणि कोट उतरवल्यावरही तो उतरला नाही. जगात कुणीही काहीही बोललं आणि आपण गप्प राहिलो, तर ते आपल्या अंगावर बसणार, अशी त्यांना धास्ती असते. मग विषय हवापाण्याचा का असेना. "यंदा उकाडा फार आहे," असं कुणी म्हटलं की अण्णा लगेच, "फार आहे, हे मला मान्य नाही." तेही घाम पुसत.

कैफियत सांगताना अण्णांना पाहावं. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टायपिस्ट बसतो. पूर्वी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे. झाड तेवढं तेच. अण्णा उभ्यानं सांगतात. "घे. दाव्याचे कलम १ मधील मजकूर खरा नाही व तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. कलम २ मधील मजकूर खोटा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. कलम ३ मधील मजकूर धादांत खोटा, खोडसाळ व वस्तुस्थितीस सोडून असून..." इथं आवाज चढतो. बाहेरच्या माणसाला हे सगळं एकच वाटतं. तसं नाही. 'खरा नाही' म्हणजे सौम्य. 'खोटा' म्हणजे मध्यम. 'धादांत खोटा व खोडसाळ' हे ज्या कलमात आपली बाजू सर्वांत लंगडी असते, तिथं. याखेरीज 'माहितीअभावी नाकबूल' नावाचा एक फार सभ्य प्रकार आहे. तो वादीच्या जन्मतारखेसारख्या गोष्टींसाठी राखून ठेवलेला. शेवटी, 'सबब वादीचा दावा खर्चासह रद्द करण्यात यावा व वादीकडून प्रतिवादीस कंपेन्सेटरी कॉस्ट रु. ३,००० देवविण्यात यावी.' ते तीन हजार कुणाला मिळाल्याचं आवारातल्या कुणाला आठवत नाही. पण मागितले नाहीत, तर नको होते असं धरतील.

एकदा दोघा भावांचा वाटपाचा दावा होता. थोरला वादी, धाकटा अण्णांचा पक्षकार. दाव्याचं पहिलं कलम वंशावळीचं: वादी व प्रतिवादी हे सख्खे भाऊ असून एकत्र कुटुंबातील आहेत.

"हे नाकबूल करून ठेवू," अण्णा म्हणाले.

धाकट्यानं टोपी काढली. "वकीलसाहेब, भाऊ हाय वो त्यो माझा."

"असेल. पण त्याला शाबीत करू दे ना."

"आन् आई?"

आई समोरच्या बाकावर बसली होती. मांडीवर डबा, डब्यात दोघांसाठी भाकरी. तारखेला दोघंही घरून उपाशी निघतात हे तिला पक्कं ठाऊक. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं, पलीकडे वडाखाली विडी ओढणाऱ्या थोरल्याकडे पाहिलं. तिघांना एकच नाक होतं. "आईबद्दल दाव्यात काही लिहिलेलं नाही," अण्णा म्हणाले, "तेव्हा तिला नाकारायची गरज नाही." आणि पहिलं कलम नाकबूल गेलं. दुपारी दोघा भावांनी एकाच डब्यातून खाल्लं. अण्णांनाही अर्धी भाकरी आली. ती त्यांनी घेतली, हे पुढं लक्षात ठेवायचं आहे.

साक्षीदार शिकवण्यात त्यांचा हातखंडा. आमच्याकडं उलटतपासाच्या शेवटी विरुद्ध बाजूचा वकील आपल्या पक्षकाराचं म्हणणं साक्षीदाराच्या तोंडावर मांडतो, आणि साक्षीदार ते नाकारतो. जबाबात ते नेहमी एकाच साच्यात उतरतं: 'हे म्हणणे खरे नाही की, सदर जमिनीत मी कधीही वहिवाट केली नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी आज खोटी साक्ष देत आहे.' १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली; तेव्हापासून तर मराठीत सर्वाधिक वेळा टाइप झालेलं वाक्य हेच असावं, असा माझा आपला अंदाज. अण्णा गावाकडच्या साक्षीदाराला मंत्र देतात, "समोरचा काहीही म्हणू दे. आपण म्हणायचं, खरं नाही. दुसरा शब्द काढायचा नाही."

हे समोरच्या वकिलालाही ठाऊक झालं. एकदा त्यानं अण्णांच्या साक्षीदाराला चार-पाच वेळा 'खरं नाही' म्हणू दिलं, सवयीचा बैल चालतो तसा तो चालायला लागला हे पाहिलं, आणि मग अगदी मायेनं विचारलं, "बाबा, तुम्ही आज शपथेवर खरं तेच सांगताय, बरोबर ना?"

"हे म्हननं खरं न्हाई," साक्षीदार म्हणाला.

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी टंकलेखकाला हातानं थांबवलं आणि पुन्हा विचारा म्हणून सांगितलं. अण्णा उठून उभे राहिले. साक्षीदार असं म्हणालाच नाही, अशी हरकत ते घेणार होते. साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि अण्णा बसले. बसल्याबसल्या शेजाऱ्याला म्हणाले, "मी हरकत मागं घेतली, असं समजू नका."

घरी हे सगळं काकूंच्या वाट्याला. काकू बी.ए. असतील-नसतील, पण ऑर्डर आठ त्यांना तोंडपाठ आहे. त्यातला रूल चार खास त्यांचा. हा नियम मोघम नकाराचा. वादी म्हणाला, 'याने अमुक रक्कम घेतली', तर 'मी अमुक रक्कम घेतली नाही' एवढं म्हणून भागत नाही. 'ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही' असं म्हणावं लागतं, नाहीतर किती घेतली ते सांगावं लागतं. अण्णांना साखरेचा त्रास आणि डबा बेसनाच्या लाडवांचा. मी समोर बसलो होतो तेव्हाची गोष्ट.

"डब्यातले पाच लाडू तुम्ही खाल्लेत."

"पाच लाडू मी खाल्ले, हा मजकूर खरा नाही."

"म्हणजे चार खाल्लेत," काकू म्हणाल्या. "'पाच किंवा त्यांपैकी कोणताही भाग' असं म्हणायला हवं होतं."

अण्णा पकडले गेले होते. पण माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो कुठल्या ज्युनियरबद्दल मी कधी पाहिलेला नाही. कपबशी कुणी फोडली, गॅस कुणी चालू ठेवला, असल्या प्रश्नांवर ते 'म्हणणे देण्यास मुदत मिळावी' असा तोंडी अर्ज करतात. समन्स लागल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, कोर्टानं कारण नोंदवून मुदत वाढवली तर ९० पर्यंत, हा कायदा. काकू संध्याकाळच्या चहापर्यंत मुदत देतात. तोवर उत्तर आलं नाही, तर चहा नाही. कैफियत आली नाही म्हणून कोर्टात होणाऱ्या 'नो डब्ल्यूएस' ऑर्डरपेक्षा ही कडक. ती निदान रद्द करून घेता येते.

स्वतःच्या लग्नाबद्दल अण्णांचं मत असं, की ते निव्वळ गप्प राहिल्यामुळं झालं. आपल्याकडं नवऱ्या मुलाला कुणी हो की नाही विचारत नाही. अंतरपाट धरतात, भटजी ओरडून सावध करतात, आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर ते कबूल. "समर्थ रामदासांनी मुदतीत हरकत घेतली," अण्णा म्हणतात. "मी मुदत घालवली." यावर काकूंचं उत्तर असं, की आपण मुदत घालवली हा अण्णांनी आयुष्यात दिलेला एकमेव कबुलीजबाब आहे आणि तो त्यांनी जपून ठेवला आहे.

सकाळी अण्णा वर्तमानपत्र वाचतात ते लाल पेन्सिल घेऊन. पुढाऱ्यांनी केलेले इन्कार तपासायला. यात त्यांचं परीक्षण फार कडक, आणि मला विचाराल तर रास्त. 'आरोप बिनबुडाचे आहेत' हा नकारच नव्हे; बुडाशी काय आहे ते सांगा. 'आरोप राजकीय हेतूने केलेले आहेत' यात हेतू नाकारलाय, घटना नाही. रूल पाचप्रमाणे घटना कबूल. 'माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला गेला' म्हणजे वक्तव्य कबूल. 'विरोधकांच्या पायाखालची वाळू सरकली आहे' यावर अण्णा नुसता भोपळा देतात. "यांना कुणी कैफियत लिहायला शिकवली नाही," ते हळहळतात. एकदाच कुठल्याशा उमेदवाराचा खुलासा त्यांना पसंत पडला. त्यानं रक्कम, तारीख, ठिकाण आणि मध्यस्थ असं चारही सुटं सुटं नाकारलं होतं. अण्णांनी कात्रण काढून ठेवलं. पुढं तो पडला.

सांत्वनाला गेले तरी तेच. कुणीतरी म्हणतं, "फार भला माणूस होता हो." बाकीचे माना डोलावतात. अण्णांना मान डोलावता येत नाही. ती कबुली होते. "भला होता हे मान्य," ते हलक्या आवाजात म्हणतात, "'फार' बाबत माहिती नाही."

इथवर ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस दगड असणार, याच्याकडून कुणाला काही मिळत नसणार. उलट आहे. अण्णांना 'नाही' म्हणता येतं. 'नको' म्हणता येत नाही. घडलेलं नाकारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण मागितलेलं नाकारायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. मागणी म्हणजे आरोप नव्हे, तिला कलमं नसतात, तिला 'मजकूर खरा नाही' असं उत्तर देता येत नाही. दुसरं कुठलं उत्तर त्यांनी कधी शिकूनच घेतलं नाही.

बाकी आपण मराठी माणसं या कामात किती तयार! 'बघू' म्हणून वर्षं काढतो. मुलीकडच्यांना 'पत्रिका जमत नाही' सांगतो, पत्रिका न उघडता. लेखकाला संपादक 'साभार परत' करतात, सरकारी हापिसात अर्ज 'दप्तरी दाखल' होतो, उसने मागायला आलेल्याला 'गेल्या आठवड्यात आला असतास तर' ऐकवलं जातं. वाटाण्याच्या अक्षता, केराची टोपली, नकारघंटा, नन्नाचा पाढा. एवढा मालमसाला हाताशी आहे. अण्णांना यातलं एक येत नाही. त्यांच्याकडं गणपतीची वर्गणी मागायला गल्लीतली तीन मंडळं येतात आणि तिन्हींच्या पावत्या फाटतात. दारावर अगरबत्त्या विकायला आलेला पोरगा परत जात नाही. त्यांच्या घरात अगरबत्त्यांचा साठा देवळापेक्षा जास्त आहे. विमा एजंट त्यांच्याकडे नवा ज्युनियर घेऊन येतो, सराव म्हणून. आणि ती भाकरी आठवते ना? अण्णांना भाकरी सोसत नाही. वाढली, म्हणून खाल्ली.

निवडणुकीत तर त्यांची परवडच. जो उमेदवार दारात येऊन हात जोडतो त्याला अण्णा म्हणतात, "ठीक आहे." सगळेच येतात, सगळ्यांनाच 'ठीक आहे' जातं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं, तेव्हा अण्णांच्या अंगावर कौतुकाचा काटा आला होता. वाक्यरचना त्यांच्या मते निर्दोष होती: नावं घेतली नाहीत, कुणाला दुखावलं नाही, आणि एकही सुटला नाही. २०१९ ला लातूर ग्रामीण मतदारसंघात याच बटणानं दुसरा क्रमांक काढला, ती बातमी त्यांनी बाररूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. ते स्वतः काय दाबतात? विचारलं तर म्हणतात, "मी मतदानाला गेलो होतो, हे आधी कुणी शाबीत केलं?" बोटाला शाई असते.

'नको' न म्हणता येण्याचा हा दोष आणि घडलेलं नाकारण्याचा तो गुण एकमेकांना किती धरून आहेत, हे काकूंना ठाऊक आहे. अण्णांनी कुणाला पैसे दिले की ते आधी 'नको' म्हणू शकलेले नसतात आणि नंतर 'दिले' हे कबूल करू शकत नाहीत. "त्या पोराच्या फीचे पैसे तुम्ही भरलेत?" "भरले, हा मजकूर खोटा." "मग त्याची आई पाया पडून का गेली?" "माहितीअभावी नाकबूल."

हे असंच चाललं असतं. पण गेल्या साली एका पतसंस्थेची नोटीस आली. अण्णांच्या एका जुन्या पक्षकारानं ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं होतं आणि जामीनदार म्हणून अण्णांची सही होती. हप्ते थांबले. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी संस्थेनं निबंधकांकडं अर्ज केला. कर्जदार जाबदेणार नंबर एक. अण्णा जाबदेणार नंबर दोन. आयुष्यभर दुसऱ्यांचं म्हणणं लिहिलेल्या माणसावर स्वतःचं म्हणणं लिहायची वेळ आली.

मी योगायोगानं कडुनिंबाखालीच होतो. अण्णा सांगत होते आणि टायपिस्ट बडवत होता. "अर्जदार ही नोंदणीकृत पतसंस्था आहे, हे माहितीअभावी नाकबूल." संस्थेची पोटनियमांची फाइल अण्णांनीच तयार करून दिली होती, हे टायपिस्टला ठाऊक होतं, कारण ती टाइप त्यानंच केली होती. तो काही बोलला नाही. "कर्जाची रक्कम मान्य नाही. व्याजाचा दर मान्य नाही. नोटीस मिळाल्याचा मजकूर खरा नाही." ती नोटीस अण्णांच्या हातात होती, तिच्यातच बघून ते सांगत होते. मग चौथं कलम आलं. 'जामीनदाराच्या रकान्यातील सही जाबदेणार नं. २ यांची आहे.'

अण्णा थांबले. सोबत झेरॉक्स जोडलेली होती. तालुक्यात सगळे ओळखतात अशी ती सही, खाली दोन टिंबं आणि एक लांब शेपटी. चष्मा कपाळावर गेला, खाली आला.

"काय घालू?" टायपिस्टनं विचारलं.

"घाल... सही या जाबदेणारांची आहे." टायपिस्टची बोटं क्षणभर चुकली असावीत. "मात्र सदर सही करतेवेळी या जाबदेणारांना तसे करण्याची इच्छा नव्हती."

"मग केलीत का, असं विचारतील ना साहेब."

"विचारतील," अण्णा म्हणाले. "ते वाक्य खोड."

एवढ्यात स्वतः जाबदेणार नंबर एक, ट्रॅक्टरवाला, पायातली चप्पल बाजूला काढून अदबीनं उभा राहिला. टोपी हातात. नोटीस त्यालाही आली होती.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "माझं बी म्हननं तुमीच लिवून द्या की. तुमच्याबिगर कोन हाय आपल्याला?"

टायपिस्टनं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. मी अण्णांकडं पाहिलं. याच माणसामुळं ते इथं उभे होते, आणि एका शब्दात हे मिटवता येत होतं. अण्णांनी घसा खाकरला.

"फीचं काय?" त्यांनी शक्य तितक्या कठोरपणे विचारलं.

"फीचं बघू की," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"बरं," अण्णा म्हणाले. "कागद आणलेत?"